चिठ्ठीची मागची बाजू

तंजावर, १९ जुलै २०२५, शनिवार

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण माझा उजवा गुडघा आता वाकत नाही, तुला ठाऊक नसेल, तेव्हा उभ्यानेच घे. दोन वर्षांत ना तू फोन केलास, ना मी. ठीक आहे. पत्र मात्र फाडणार नाहीस, मला खात्री आहे, कारण अप्पांनी शिकवलेल्या या अक्षरात तुला लिहिणारा आता मी एकटाच उरलोय. माझ्या पोरांना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्ये देतात, आणि ही अक्षरं म्हणजे त्यांना देवळातली नक्षी.

मुद्द्याचं सांगतो. तुझ्या त्या सरस्वतीनं घोळ घालून ठेवलाय.

तीच ती, पापनाशमजवळच्या खेड्यातून सकाळच्या बसनं येणारी, आमच्या दुकानात रेशमी साड्यांच्या काउंटरवर चौदा वर्षं उभी असलेली. सोमवार, मंगळवार, बुधवार आली नाही. गुरुवारी, म्हणजे आडी महिन्याच्या सेलच्या पहिल्याच दिवशी, आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. हातात तुझ्या दवाखान्यातली चिठ्ठी. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हटलं, "या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, नोटीस वाचली नाहीस? दुसऱ्याची आण. तोवर काउंटरवर जा." दुपारी बाराला बाई कोसळली. एका लग्नाच्या बस्त्याला आलेली नऊ माणसं समोर, हातात अर्धी उलगडलेली साडी. साडीला काही झालं नाही.

मुदलाळी गणेशकुमार, आमचे मालक गे, भडकले आहेत. त्यांचं म्हणणं, तीन दिवस बिनचिठ्ठीचे, वर भर सेलमध्ये तमाशा. अठ्ठावीस तारखेला चौकशी ठेवलीय. चौकशी कसली, तिला काढायचं ठरलंय, कागद रंगवायचे तेवढे बाकी आहेत.

आता तू म्हणशील, नियम कोणी केला? मी केला. मॅनेजर मी आहे. आजारपणाची रजा एका दिवसाची असली तरी डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे म्हणजे पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी क्रिकेटची मॅच असली की अर्ध्या दुकानाला ताप यायचा. नियम केला आणि ताप उतरला. मुदलाळींनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. मला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे.

तुझ्या चिठ्ठ्या बंद का केल्या ते तुला माहीत आहे. डॉक्टरनं डॉक्टरचं काम करावं. पुढच्या बाजूला इंग्रजीत सही-शिक्क्यासकट सर्टिफिकेट, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं मला मराठीत टोमणे! "अनि, या मुलीला काल ताप होता. आज नाही. आज ती कालचा ताप दाखवायला आली आहे. मी काय बघू?" मॅनेजरच्या टेबलावर येतं हे! सगळ्या दुकानात वाचू शकणारा मी एकटा, म्हणून बरं. शिपाई विचारायचा, "सार, काय लिहिलंय?" मी सांगायचो, औषधाचं नाव आहे. शोभतं का तुला?

असो. एक कर. पापनाशममध्ये तुझ्या ओळखीचे दुसरे डॉक्टर असतीलच. एखाद्याकडून सरस्वतीच्या नावानं तीन दिवसांचं सर्टिफिकेट मागच्या तारखेचं मिळव, म्हणजे भानगड मिटेल. बाई कामाला सोनं आहे. तिच्यासारखी साडी उलगडणारी अख्ख्या तंजावरात मिळायची नाही. माझ्यासाठी नको करू, तिच्यासाठी कर.

तुझा,
अनि

ता. क. नागलक्ष्मी म्हणते, सासरी आल्यावर तिला कोणी जीव लावला असेल तर तो वन्संनी, म्हणजे तू. नवऱ्यानं नाही म्हणे. ऐक.


तंजावर, २४ जुलै २०२५, गुरुवार

अक्का,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर "तिची चिठ्ठी तुझ्याकडेच आहे. उलटून बघ." खाली सहीसुद्धा नाही. मी इतका चिडलो की कार्ड टेबलावर आपटलं आणि तळमजल्यावर जाऊन दोघातिघांवर उगाच ओरडून आलो.

मग ड्रॉवर उघडला.

नोटीस लावल्यापासूनच्या तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या तिथं पडल्या आहेत. एकोणचाळीस. तुझी चिठ्ठी चालत नाही हे माहीत असूनही लोक आणत राहिले, कारण तुझ्या गावाकडून येणाऱ्यांना परवडणारा दुसरा डॉक्टर कुठला? मी पुढची बाजू बघायचो, तुझं नाव दिसलं की ड्रॉवरमध्ये टाकायचो. एकसुद्धा उलटली नव्हती. देवाशपथ, एकसुद्धा नाही.

सरस्वतीची वरच होती. मागे तुझी पेन्सिल.

"अनि, हिला आठवडाभर उभं करू नकोस. स्टूल दे, नाहीतर घरी पाठव. काय झालंय ते विचारू नकोस, सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. हे तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं आहे आणि तिची हरकत नाही. ती विचारत होती, मॅनेजर सार हे वाचतील ना? मी म्हटलं, वाचेल."

मी म्हटलं, वाचेल. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

मग बाकीच्या काढल्या. खाली गर्दी होती, मला दोनदा बोलवायला माणूस आला, मी दार लावून बसलो. अक्का, काय बाई आहेस तू! एके ठिकाणी लिहितेस, "ही ताप घेऊन दोन बस बदलून आली, पाऊण तास माझ्या बाकावर बसली, आता परत जाईल. घरी झोपली असती तर उद्या कामावर आली असती. आता परवा येईल. मधला दिवस तुझ्या नियमाच्या नावावर टाक." दुसरीकडे, "याला काल पोटात दुखत होतं असं हा सांगतो. माझा विश्वास बसला, म्हणून लिहून दिलं. मी बघितलं काहीच नाही. याच्याच शब्दावर मी सही करायची आणि माझ्या सहीवर तू विश्वास ठेवायचा, मग याचाच शब्द तू थेट का घेत नाहीस?"

आणि तो कोरा कागद! पुढची बाजू रिकामी, फक्त तुझा शिक्का. मागे, "हा आजारी नाही. तसं त्यानं मला पहिल्याच वाक्यात सांगितलं, म्हणून सर्टिफिकेट देत नाही. त्याला मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडायचं होतं. हे त्याला विचारूनच लिहिते आहे. खरं बोलायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवू?" कोरा कागद आणला म्हणून मी त्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. काय लिहून आणलंय ते बघितलंसुद्धा नव्हतं.

काहींच्या मागे पेशंटचं काहीच नाही. "आज अप्पांची तिथी. तू जेवलास ना वेळेवर?" "सरस्वती म्हणते तू लंगडतोस. जिने चढू नकोस, माणसांना खाली बोलावून घेत जा." "अनि, वाचतोस की नाही रे?" हे विचारणाऱ्या चिठ्ठीवर गेल्या वर्षीच्या मार्चची तारीख आहे. त्यानंतरही चौदा आहेत. तू थांबली नाहीस.

आता मागच्या पत्रातलं खोटं. टोमण्यांसाठी तुझ्या चिठ्ठ्या बंद केल्या असं मी लिहिलं. तुला खरं ठाऊक आहेच, पण माझ्या हातानं लिहिलेलं असू दे.

मुदलाळींचा पुतण्या दहा दिवस न सांगता फिरायला गेला होता. नियम सगळ्यांना सारखा, असं मीच दुकानभर सांगत सुटलेलो, तेव्हा त्याची चिठ्ठी आणायचं काम माझ्यावर आलं. शनिवारी तुझ्याकडे आलो. बाक भरलेला. मी म्हटलं, कावीळ लिही, मागची तारीख घाल. तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "अनि, हे अप्पांसमोर मागितलं असतंस का?" बस्स, एवढंच. मी उठून आलो आणि सोमवारी नोटीस लावली. घरीदारी सांगत राहिलो की अक्कानं भरल्या दवाखान्यात माझा अपमान केला. कसला अपमान! तू मराठीत बोललीस. त्या बाकावरच्या एकालाही अक्षर कळलं नाही. मुद्दाम मराठीत बोललीस, माझी लाज राखलीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि पुतण्याची कावीळ? दुसऱ्या एका दवाखान्यात दहा मिनिटांत मिळाली.

म्हणजे माझा नियम कोणाला नडला बघ. खोट्याला वाट होती. दोन बस बदलून येणारी तेवढी अडकली. आणि इतकं होऊनसुद्धा परवा मी तुला पुन्हा तेच मागितलं, मागच्या तारखेचं. माझी मलाच शरम वाटते, गे.

अप्पा कचेरीतले रद्दी कागद आणून आपल्याला त्यांच्या पाठीवर बाराखडी गिरवायला लावायचे, आठवतं? "समोरची बाजू सरकारची, मागची आपली." तू ते विसरली नाहीस. मी मात्र जन्मभर समोरचीच बाजू फाइलला लावत बसलो.

सोमवारी चौकशी आहे. सर्टिफिकेट मिळवू नकोस. मी बघतो.

अनि


तंजावर, २८ जुलै २०२५, सोमवार

अक्का,

झालं. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मला नीट सांगता येणार नाही.

दहा वाजता मुदलाळींच्या खोलीत बसलो. ते, मी, पुतण्या लिहून घ्यायला, आणि समोर सरस्वती. तिला खुर्ची नव्हती. मी माझी दिली. मुदलाळींनी भुवया वर केल्या, मी दिसलंच नाही असं केलं. गुडघ्यानं बोंब मारली, त्याला म्हटलं, गप्प.

मुदलाळींनी विचारलं, "तीन दिवसांची चिठ्ठी कुठे आहे?" मी काही बोलायच्या आत सरस्वती बोलली. रडणं नाही, आवाज चढवणं नाही. काउंटरवर बोलते तशीच बोलली. तिचे शब्द मराठीत आणतो, तमिळमध्ये ते याहून धारदार होते.

"चिठ्ठी आणली होती, सार. मॅनेजर सारांनी घेतली. पण मी एक विचारते. चौदा वर्षं या दुकानात बायका येतात, साडी हातात धरून मला विचारतात, जरीकाम खरं आहे का, रंग जाणार नाही ना? मी हो म्हटलं की घेऊन जातात. तुम्ही कोणाला माझ्या शब्दाला चिठ्ठी जोडून देत नाही. तुमच्या साडीला माझा शब्द चालतो. मग माझ्या तापाला का चालत नाही?"

अक्का, एकतीस वर्षं मी त्या खोलीत जातोय. असा प्रश्न मी तिथं कधी ऐकला नव्हता. पुतण्याचं पेन थांबलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली, शपथेवर सांगतो. चौदा वर्षं ही बाई माझ्या नाकासमोर उभी होती आणि मला वाटायचं, तिला साड्यांच्या घड्या तेवढ्या छान जमतात.

मुदलाळी म्हणाले, "शब्दाचं ठीक आहे, पण उद्या प्रत्येक जण खोटं सांगून घरी बसेल, त्याचं काय?"

मग मी बोललो. म्हटलं, "मुदलाळी, चिठ्ठी असूनसुद्धा खोटं आलं आहे. दोन वर्षांपूर्वीची कावीळ मी स्वतः जाऊन लिहून आणली होती." पुतण्या टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. "आणि चिठ्ठी चालत नाही म्हणून खरं मी ड्रॉवरमध्ये टाकलं आहे. हे बघा."

सरस्वतीला आधी विचारलं, वाचू का? तिनं मान हलवली. तुझी मागची बाजू मी तमिळमध्ये वाचून दाखवली. "मी म्हटलं, वाचेल" पर्यंत आलो, खोकल्याचं निमित्त केलं आणि कागद खाली ठेवला. सरस्वतीनंच तिचा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. जिला मी कोसळेपर्यंत उभं केलं, तिनं मला पाणी दिलं.

बाकीच्या वाचल्या नाहीत, त्या लोकांना विचारलेलं नव्हतं. म्हटलं, "ती पडली ती माझ्यामुळे. काढायचं असेल तर मला काढा."

मुदलाळींनी ती चिठ्ठी स्वतःच्या हातानं उलटून बघितली. मग मला विचारलं, "रिटायर व्हायला तुम्हाला किती दिवस आहेत?"

"आठ महिने."

"मग आठ महिने माझ्या घरच्यांच्या काविळी बाहेर काढू नका." आणि सरस्वतीकडे वळून, "अम्मा, उद्यापासून स्टुलावर बसून साड्या दाखव." जाताना दारात थांबून मला म्हणाले, "तीन दिवसांपर्यंत त्यांच्याच हातची चिठ्ठी. त्यापुढे डॉक्टरची. कोणी फसवलं तर तुमच्या डोक्यावर." मी म्हटलं, माझं डोकं पक्कं आहे.

सरस्वतीची नोकरी राहिली, अक्का. तुझ्यामुळे म्हणणार होतो, पण तिच्याचमुळे राहिली. तू फक्त एकोणचाळीस वेळा दार वाजवत होतीस आणि मी आत बसून होतो.

अनि


तंजावर, १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

अक्का,

चार दिवसांत स्वतःच्या हातच्या तीन चिठ्ठ्या आल्या. एकानं लिहिलंय, "डोकं दुखतंय, उद्या येतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला. पूर्वी त्याच डोकेदुखीला दोन दिवस लागायचे. दुसरीनं कारण लिहायच्या जागी नुसतं "बरं नाही" लिहिलंय. माझी बोटं शिवशिवली, काय बरं नाही ते विचारावं म्हणून. तुझी आठवण काढली आणि सही केली.

पण तुला लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं.

आज सरस्वती तुझ्याकडे तपासून घेऊन मग कामावर आली. ती जिन्यावरून येताना दिसली आणि मी सवयीनं हात पुढे केला. ती म्हणाली, "चिठ्ठी नाही, सार. डॉक्टरअम्मांनी विचारलं, कागद हवा का? मी सांगितलं, आता लागत नाही. त्या खूप हसल्या." मी म्हटलं, बरं झालं, आणि हात खिशात घातला. दुपारी डबा अर्धा टाकून मी तो ड्रॉवर उघडून बसलो. आधी मला समजेना की कसलं एवढं वाईट वाटतंय. मग समजलं. मी तुझ्या पेन्सिलीची वाट बघत होतो.

बघ ना, काय करून बसलो! दोन वर्षं तुझं पत्र दर पंधरा-वीस दिवसांनी घरपोच येत होतं तेव्हा उलटून बघितलं नाही. बघायला शिकलो आणि त्याच आठवड्यात ती चिठ्ठीच मी बंद करून टाकली. नियम मोडला याचा मला आनंद आहे, खरंच आहे. पण आता तुझं अक्षर या दुकानात सहसा यायचं नाही.

म्हणून मग मी मुदलाळींकडे गेलो आणि रजा मागितली. परवा, रविवारी, नदीच्या सणाला. ते म्हणाले, "आडी पेरुक्कु! वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस! वेड लागलं का?" मी म्हटलं, एकतीस वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली नाही, हवं तर रजिस्टर बघा. ते म्हणाले, आजारी आहात? मी म्हटलं, लिहून देतो. आता आमच्याकडे माणूस स्वतःच्या हातानं लिहितो, आणि खरं लिहायचं असं मीच सगळ्यांना बजावलंय. तेव्हा लिहिलं:

"ताप नाही. गुडघा दुखतो, पण तो रोजचाच. दोन वर्षं बहिणीशी बोललो नाही, चूक माझी होती. एक दिवस पाहिजे."

मुदलाळींनी दोनदा वाचलं. म्हणाले, "हे आजारपणात बसत नाही." मग पेन काढून सही केली.

हे सगळं मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहितो आहे. जागा पुरली नाही म्हणून आणखी दोन पानं जोडली, पण सुरुवात पाठीवरच केलीय. उलटून बघ, पुढे माझा अर्ज आणि सही-शिक्का सगळं आहे. सरस्वतीच्या हाती पाठवतो. तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं, तिची हरकत नाही. उलट म्हणाली, "सार, अक्षर जरा मोठं काढा, अम्मांचा चष्मा जुना झालाय."

रविवारीही तू दवाखाना उघडतेस असं तीच म्हणाली. सकाळच्या बसनं येतो. नागलक्ष्मी चिंचेचा आणि नारळाचा भात बांधून देणार आहे, लहानपणी या दिवशी अप्पा आपल्याला नदीवर न्यायचे तेव्हा डब्यात असायचा तोच. दोघांना पुरेल एवढा सांगितलाय. तुला वेळ नसेल तर थांबेन. मधेच आत घुसणार नाही, मॅनेजरगिरी करणार नाही. ज्या बाकावर माझ्या नियमानं इतकी माणसं ताप घेऊन बसली, त्याच बाकावर सगळ्यांच्या मागे बसेन.

माझा नंबर आला की हाक मार.

तुझा धाकटा,
अनि